हिंदमाताला बंद पडणारी येझदी

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा तोंडावर आलाय. चाळीच्या मागे, सोसायटीच्या कंपाउंडला चिकटून, नाहीतर रस्त्याच्या कडेला पिंपळाखाली ताडपत्री पांघरून बसलेल्या मोटरसायकली आता बाहेर निघतील. धुतल्या जातील, पुसल्या जातील, हँडलला झेंडूचा हार चढेल. आणि मग किक मारली की कळेल, बाईसाहेब रुसल्यात. चालूच होत नाही, किंवा होते पण धड चालत नाही. मिसिंग करते, झटके खाते, चोक ओढून जादा पेट्रोल दिल्याशिवाय उभी राहत नाही, सिग्नलला नेमकी बंद पडते. आज बोलायचंय ते या गाडीबद्दल. चार महिने मुंबईच्या पावसात उघड्यावर उभी राहिलेली, जुनी, कार्ब्युरेटरवाली गाडी. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. २०२० साली बीएस-सिक्स हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्या गाड्यांची दुखणी वेगळी, त्यांचे डॉक्टरही वेगळे. आपण जुन्यांकडे वळू.

पहिली गोष्ट, जुनं पेट्रोल काढा. पुन्हा सांगतो, कारण हेच कोणी करत नाही. जुनं पेट्रोल काढा. "अहो, दोन लिटर आहे, फुकट कशाला घालवू?" असं म्हणून लोक त्याच्यावरच नवं पेट्रोल ओततात. म्हणजे आंबलेल्या वरणात ताजं वरण घालण्यासारखं झालं. चार महिन्यांच्या पेट्रोलमधला हलका, पटकन पेटणारा भाग उडून गेलेला असतो. उरतं ते जड, आंबूस वासाचं. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची गाडी असेल तर पेट्रोल उडतं आणि ऑइल मागे राहतं, मग चालू झाल्यावर धुराचा लोट निघतो आणि वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात.

कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल तर वाळून चिकट होतं, अगदी फणसाच्या चिकासारखं. आत पायलट जेट नावाचा पितळेचा एक इवलासा तुकडा असतो. त्याचं भोक अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतं. गाडी मंद रेसवर उभी राहते ती या भोकाच्या जीवावर. ते चोंदलं की चोक ओढून गाडी चालते आणि चोक सोडला की मरते. तुमची गाडी असं करत असेल तर दुसरीकडे शोधत बसू नका, पायलट जेट बघा. आणि त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ती गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारा, वरून हवा मारा, पुरे.

दुसरी गोष्ट पाणी. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ फार. दमट हवेतलं पाणी ते ओढून घेतं, आणि फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पेट्रोल खाली सोडणारा कॉक तळाशीच असतो, म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो पाण्याचा. बघायचं सोपं आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडा, निघेल ते पारदर्शक बाटलीत धरा आणि स्थिर राहू द्या. तळाला वेगळा थर किंवा टपोरे थेंब दिसले की समजायचं. तांबडा गाळ दिसला तर टाकी आतून गंजलीय. हे काम मोकळ्या हवेत करा. जिन्याखाली नको, समईजवळ नको आणि बिडी ओढणारा मित्र शेजारी बसवून तर मुळीच नको.

ताडपत्रीबद्दल एक बोलून घेतो. ती पाऊस बाहेर ठेवते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती दमट हवा आत कोंडते, गाडीला चार महिने वाफारा देते. खालून वारा खेळेल अशी बांधली तर ठीक. आमच्या लालबागच्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे. खाली सात मजले पार्किंगचे, माणसं त्याच्या वर. मुंबईत गाड्यांना माणसांच्या आधी घर मिळालं, चांगलं झालं म्हणायचं की काय, कोण जाणे. पण आमच्या वेळी गाडी बाहेरच असायची, आणि ताडपत्रीचा विषय निघाला की मला आप्पांची येझदी आठवते.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे येझदी रोडकिंग होती. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ती बनायची तो १९९६ साली बंद पडला, पण त्या गाडीचं नाव काढलं की अजून काही लोकांचे डोळे भरून येतात. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. त्यात किकचा दांडाच आत दाबून पुढे फिरवला की गिअरचा दांडा व्हायचा. नवख्याला किक सापडायचीच नाही. चाळीत पाहुणा आला की आधी चहा आणि मग आप्पांचं हे प्रात्यक्षिक.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. गाडी जूनपासून चाळीच्या मागे, नळाशेजारी, ताडपत्रीत. दसऱ्याला बाहेर काढली. आप्पा शिस्तीचे, त्यांनी जुनं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर धुतला, नवं पेट्रोल आणि ऑइल टाकीच्या गळ्यापर्यंत भरलं. तिसऱ्या किकला गाडी चालू. हार, हळद-कुंकू, नारळ झाला. मला मागे बसवलं आणि आम्ही आत्याकडे दादरला सोनं द्यायला निघालो.

हिंदमाताला गाडी बंद पडली.

आचके नाहीत, फटाके नाहीत. हळूहळू जीव गेल्यासारखी तिनं मान टाकली. आप्पा उतरले. टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. पेट्रोल आहे. झाकण लावलं. प्लगची टोपी चाचपली, मनात गणपतीचं नाव घेतलं, किक मारली. चालू! आम्ही दादरला पोचलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तेच, हिंदमाता. आता हिंदमाता म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे काय येतं? तुंबलेलं पाणी. चाळीतल्या प्रत्येकानं निदान केलं, "गाडीत पाणी गेलंय." ऑक्टोबरचं कोरडं ऊन होतं, रस्त्यावर थेंब नव्हता, पण हिंदमाता ना, मग पाणीच. एका गॅरेजवाल्यानं प्लग बदलला, मग पॉइंट बदलला, मग कॉइल बदलली. आप्पांचा अर्धा पगार गेला. गाडी हिंदमाताला बंद. समोरच्या खोलीतल्या काकू म्हणाल्या, "भाऊजी, त्या वळणावर काहीतरी आहे. लिंबू-मिरची बांधा." आप्पा अंधश्रद्ध नव्हते, पण हप्त्याभरानं हेडलाइटखाली लिंबू-मिरची लोंबत होती. मला तेव्हाही वाटायचं, हिंदमाताच्या त्या गर्दीत भुताला उभं राहायला जागा कुठे मिळणार?

मग गाडी राणीबागेपाशी बंद पडली. आप्पा त्या दिवशी उलट दिशेला, भायखळ्याला चालले होते. काकू म्हणाल्या, "बघा, मागे लागलंय."

आमच्या खालच्या मजल्यावर तात्या राहायचे. गिरणीत फिटर होते. १९८२च्या संपात काम गेलं ते गेलंच, तेव्हापासून चाळीतले रॉकेलचे स्टोव्ह, शिलाई मशिनं, कुलपं दुरुस्त करायचे. आप्पांनी त्यांना विचारलं नव्हतं. का, तर ते गाडीवाले नव्हेत! हा आपला एक रोग आहे बघा. कुलूप उघडणाऱ्याला फक्त कुलूपच कळतं असं आपण धरून चालतो. तर एके संध्याकाळी तात्या जिन्याच्या पायरीवर बसले होते, त्यांनी मला हाक मारली. आप्पांना नाही, मला. कारण मागे मी बसायचो.

"रे, टाकी भरल्यार खंय बंद पडता?"

"हिंदमाताला. नाहीतर राणीबागेला."

"आणि अर्धी असल्यार?"

मी आठवलं. मागच्या आठवड्यात पेट्रोल कमी होतं, तेव्हा गाडी पार किंग्ज सर्कलपर्यंत गेली होती.

तात्या बिडी विझवून हसले. "भरल्या पोटान लवकर मरता, अर्ध्या पोटान उशिरा. मगे उपाशी कशी म्हणतलास तिका? तिचो श्वास कोंडलो हा." आणि मग विचारलं, "बंद पडल्यार आप्पा पयला काय करतत?"

मी म्हटलं, "झाकण उघडून पेट्रोल बघतात."

तात्या उठले. पाना नाही, स्क्रू-ड्रायव्हर नाही. आप्पांना खाली बोलावलं आणि म्हणाले, "झाकण सैल कर आणि जा सायनाक." आम्ही सायनला गेलो. तिथून कुर्ल्याला गेलो. परत लालबागला आलो. एकदासुद्धा गाडी थांबली नाही.

घरातली साधी गोष्ट आहे. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून ओतून बघा. दोन घोट येतात, मग गुटगुट करून धार थांबते. हवा जायला दुसरं भोक पाडावं लागतं. मोटरसायकलचं ते दुसरं भोक टाकीच्या झाकणात असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होते, ती पेट्रोलला वर ओढून धरते आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली तर वर हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. झाकण उघडलं की "फुस्स". आप्पा रोज पेट्रोल बघायला झाकण उघडत होते, गाडीला श्वास देत होते आणि श्रेय जात होतं गणपतीला.

तात्यांनी झाकण हातात घेऊन उजेडात धरलं. भोक होतं, पण त्यात एम-सील भरलेलं. वरून व्यवस्थित काळा रंगही लावलेला.

"कोणी बुजवल्यान ह्यां?"

कोणीच बोललं नाही. आप्पा कठड्यावर वाळत घातलेल्या चादरीकडे फार लक्षपूर्वक बघत होते. आईनं मला हळूच डोळ्यांनी गप्प केलं. जून महिन्यात, गाडी ताडपत्रीत जायच्या आदल्या दिवशी, पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून आप्पांनीच ते भोक बुजवलं होतं. वर रंगही मारला होता, कारण अर्धवट काम त्यांना चालायचं नाही. पुढे किती वर्षं चाळीत कोणी काही विसरलं की तात्या म्हणायचे, "झाकण बघ रे आधी."

तर श्रोतेहो, झाकणातलं भोक बघा. एम-सील नसलं तरी गंज असतो, माती असते. कुंभारीण माशीला तर अशी भोकं फार आवडतात. झाकणात, नळीच्या तोंडात, सायलेन्सरमध्येसुद्धा ती मातीचं घर बांधते. झाकणातून फुंकर आरपार जायला हवी. आणि परीक्षा तुम्हाला आता माहीत झाली आहे. गाडी थोडं अंतर छान जाऊन मरत असेल, तर झाकण उघडा आणि कान द्या. कान द्या, फुस्स येतं का.

आता समोरच्या काचेतून मला बोटं दाखवतायत, म्हणजे वेळ थोडाच उरलाय. भरभर सांगतो.

प्लग काढून बघा. काजळीनं काळा असेल तर एअर फिल्टर उघडा. आतला स्पंज जुना झाला की त्याचा भुगा होतो, आणि चार महिने उभ्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदरानं संसार थाटलेला मी स्वतः पाहिलाय. कापूस, वर्तमानपत्राचे तुकडे, सगळं साग्रसंगीत. उलट प्लग पांढराफटक असेल आणि रेस आपोआप वरखाली होत असेल, तर कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर बघा. ऊन-पावसानं त्याला चिरा जातात आणि तिथून हवा ओढली जाते.

प्लगच्या वायरसाठी रात्र बरी. अंधारात गाडी चालू ठेवा. वायरवर किंवा टोपीवर निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर करंट बाहेर गळतोय. हात मात्र लावू नका. वरळी, दादर, माहीम, समुद्राच्या बाजूला राहणाऱ्यांनी वायरींचे जोड आणि अर्थिंगचा बोल्टही घासून घ्या. खाऱ्या हवेनं तिथे हिरवट बुरशीसारखा थर धरतो. आणि दसऱ्याला गाडी धुताना इंजिनावर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका हो. पाणी प्लगच्या खळगीत साचतं आणि मग धुतलेली गाडी ढकलत घरी न्यावी लागते.

शेवटचं एक. गाडी चालू होते, आवाजही छान आहे, पण ओढत नाही, तर इंजिन खोलायच्या आधी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हातानं फिरवा. जड फिरलं तर गंजून ब्रेक चिकटलाय. मग कार्ब्युरेटरला हात लावायचं कारणच नाही.

लाल दिवा लागला. नमस्कार.