पाणी चोचीपुरतं

(पहाट. खिडकीबाहेर धुकं. आत पिवळा उजेड.)

नागपूरचा डिसेंबर. पहाटेचे साडेपाच. बाहेर पारा 10 अंशांच्या आसपास. आमच्या मागच्या खोलीत एक मोठं खोकं आहे, उन्हाळ्यात आणलेल्या कूलरचं. त्यावर टांगलेला 60 वॉटचा बल्ब, आणि बल्बाच्या उजेडात झोपलेली पाच दिवसांची चार पिल्लं. बदकाची.

पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण 32 अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. थर्मामीटर जवळ असावाच, पण खरं सांगतात ती पिल्लंच. बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर गारठलीत. चोच उघडी टाकून कोपऱ्यात पळाली असतील तर उकडतंय. आणि आत्ता पसरलीत तशी ऐसपैस पसरली असतील, तर बल्ब आहे तिथेच राहू द्या. आमच्याकडे मे महिन्यात हाच बल्ब जिवावर उठेल. तेव्हा सावली लागते आणि वारा लागतो, पण कूलरचा थेट झोत नाही.

(थाळीचं जवळून दृश्य. पाण्यात गोटे.)

ही कुंडीखालची मातीची थाळी. त्यात पाणी, आणि पाण्यात नदीतले गोटे. हे गोटे का, ते सांगायला हवं.

मागच्या वर्षी आम्ही पहिल्यांदा पिल्लं आणली आणि त्याच दुपारी त्यांना टबात सोडलं. बदक म्हणजे पोहणारच, असं वाटलं. पोहलीही छान. आम्ही टाळ्या वाजवल्या. रात्री त्यातलं एक थरथरत बसलं आणि सकाळी उठलं नाही. आई सोबत नसलेल्या इतक्या लहान पिल्लाची लव चिंब भिजते. अंगाला तेल लावून पाणी निथळवणं त्याला अजून जमत नसतं. ओल धरली की अंगातली ऊब निघून जाते. शेजारच्या आजी भंडाऱ्याकडच्या, तळ्याकाठी वाढलेल्या. त्या बघायला आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "त्यायले आंघोळ नको घालू बाई, पाणी पाज."

त्या वाक्यावर आता आमचं सगळं चालतं. पाणी हवं, भरपूर हवं, पण चोचीपुरतं. पिल्लाच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाशी असतात. त्या बुडतील इतकं खोल पाणी नसेल तर नाक आणि डोळे खाद्याने चिकटून बसतात. बघा, हे पिल्लू एक घास खातं, धावत थाळीकडे येतं, चोच बुडवून झटकतं, परत घासाकडे. कोरडं खाद्य पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही. म्हणून खाद्य समोर असताना पाण्याचं भांडं कधी रिकामं असू नये. गोटे एवढ्यासाठीच, की चोच बुडावी पण पिल्लाला आत बसता येऊ नये.

तरी ती सांडतातच. खाली गोणपाट आहे, त्यावर कापलेलं धानाचं तणस. ओलं झालं की काढायचं, सकाळ-संध्याकाळ. नुसता वर्तमानपत्राचा कागद अंथरू नका, त्यावर पाय घसरतात आणि फाकतात.

(मुठीत खाद्याचे बारीक दाणे.)

खाद्य कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टरच, म्हणजे लहान पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, पण दुकानात औषध न मिसळलेलं मागून घ्यायचं. प्रथिनं साधारण 20 टक्के. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात, पिल्लू लंगडतं. म्हणून आम्ही खाद्यावर थोडं ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे नायसिन असलेली यीस्टची पूड, भुरभुरतो. बारीक चिरलेला पालक पाण्यात टाकला की चौघंही तुटून पडतात. पाव मात्र नाही. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही.

आणि आपल्या विदर्भात एक गोष्ट फार जपायची: बुरशी. पावसाळ्यात ओल धरलेला मका, जुनी शेंगदाण्याची ढेप. 1960 मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, बदकाची पिल्लंही मेली. शोधाअंती दोष निघाला शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीच्या विषाचा. तेच अफ्लाटॉक्सिन. हे विष बदकाच्या पिल्लाला इतक्या लवकर बाधतं, की पुढे ते तपासायला शास्त्रज्ञ एका दिवसाची बदकाची पिल्लंच वापरत. म्हणून खाद्याला कुबट वास आला की पोतं कितीही भरलेलं असो, ते टाकायचं. कोंबड्यांनाही घालायचं नाही.

(अंबाझरी तलाव. दूरवर पोहणारी बदकं.)

अंबाझरीला, गोरेवाड्याला हळदी-कुंकू बदक दिसतं, अडई दिसते. त्यांची पिल्लं काठावर एकटी वाटली तरी उचलून आणू नका. आई बहुतेक वेळा जवळच्या गवतात असते. आणि ती वन्य पक्ष्यांची पिल्लं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरी पाळताच येत नाहीत. खरंच जखमी असेल तर सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे.

(अंगण. नऊचं ऊन. परात.)

ऊन तापलं. आता आजींच्या वाक्यातून एवढीच सूट: परातीत कोमट पाणी, जेमतेम दोन बोटं. पाच मिनिटं, नजरेसमोर. मग जुन्या लुगड्याच्या घडीत एकेक पिल्लू टिपायचं, पंखांच्या खालूनही, आणि थेट बल्बखाली. ऐकू येतंय? मघाचं ओरडणं थांबलं. आता ती बारीक, गुणगुणल्यासारखी बोलतायत.

परवा आठवडा पूर्ण होईल. त्या रात्री बल्ब चार बोटं वर घेऊ, आणि जागून बघू.