हप्ते थकलेल्या माजी सैनिकांचं घर वाचवणारा अमेरिकेतला कायदा

नमस्कार. 30 जुलै 2025 ला अमेरिकेत एका कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. हप्ते थकलेल्या माजी सैनिकाचं राहतं घर लिलावात जाऊ नये, यासाठीचा हा कायदा. त्याची गरज का पडली हे कळलं, की खरंच राग येतो.

तिथे माजी सैनिकांसाठी 1944 पासून गृहकर्जाची योजना आहे. कर्ज बँक किंवा कर्ज कंपनी देते, हमी सरकारच्या माजी सैनिक खात्याची. त्यामुळे बहुतेकांना सुरुवातीची रक्कम (डाउन पेमेंट) न भरता घर घेता येतं.

कोविडच्या काळात अडचणीतल्या कर्जदारांना हप्ते थांबवायची मुभा मिळाली. राहिलेले हप्ते कर्जाच्या शेवटी जातील, असं अनेकांना सांगितलं गेलं. पण तशी सोय खात्याने 2022 मध्ये बंद केली आणि कंपन्यांनी सगळी थकबाकी एकरकमी मागितली. नाही जमत? मग कर्ज नव्या दराने बांधून घ्या! जुना दर तीन टक्क्यांच्या आसपास, 2023 चा सातच्या. जुना हप्ता भरायला तयार असलेल्या माणसाच्या गळ्यात कितीतरी मोठा हप्ता मारायचा, हा कुठला न्याय?

ओरड झाल्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये खात्याने कंपन्यांना जप्त्या थांबवायला सांगितलं. मग 2024 मध्ये खातं स्वतः थकीत कर्जं विकत घेऊन अडीच टक्क्यांनी हप्ते बांधून देऊ लागलं. तीही योजना 1 मे 2025 ला बंद, आणि पर्यायी सोय तयार नाही. तीच चूक दुसऱ्यांदा.

आता नवा कायदा. समजा, 20 हजार डॉलर थकले. ते पैसे माजी सैनिक खातं कर्ज कंपनीला भरू शकतं. तेवढी रक्कम घरावर दुसरा बोजा म्हणून चढते. घर विकताना किंवा मूळ कर्ज फिटल्यावर ती परत करायची. मूळ कर्जाचा जुना दर कायम राहू शकतो, हे सगळ्यात मोलाचं. मदतीची मर्यादा साधारणपणे शिल्लक मुद्दलाच्या 25 टक्क्यांपर्यंत. ही कर्जमाफी नाही, पैसे फेडायचेच आहेत.

मधल्या काळात ज्यांची घरं गेली, त्यांना मात्र हा कायदा ती परत देत नाही.

तुमच्या नात्यात, ओळखीत अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेलं कोणी असेल आणि हप्ता चुकला असेल, तर नोटिशीची वाट बघू नका. आधी कर्ज कंपनीला फोन करा. ती दाद देत नसेल तर माजी सैनिक खात्याचे गृहकर्ज अधिकारी मोफत मदत करतात. आणि कर्ज सैन्यात जाण्याआधीचं असेल, तर सेवा संपल्यावरही एक वर्ष कोर्टाच्या आदेशाशिवाय घराची जप्ती करता येत नाही. सेवा संपल्याची तारीख कागदावर लिहून ठेवा.