नळी गढूळ झाली, पुढे काय?

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण. नाशिक जिल्ह्याचा हा आदिवासी पट्टा. इथे सिकलसेल हे नाव कुणाला नवं नाही. तपासणीत नेमकं काय कळतं, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

आजार रक्तातला आणि आईवडिलांकडून येणारा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, फरक एवढाच. पण ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं. मग तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि अंग ठणकायला लागतं.

पहिली तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी, एस म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन द्रावणात विरघळतं का ते बघणारी. नळीत २ मिली द्रावण, त्यात बोटाला टोचून घेतलेलं २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. नळी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं आणि मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा हरवल्या तर पॉझिटिव्ह.

सोपं आहे, म्हणूनच चुकतं. द्रावणातलं डायथायोनाइट, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणारं रसायन, हवेशी संयोग होऊन निकामी होतं. तारीख उलटलेलं किंवा झाकण उघडं राहिलेलं द्रावण फसवतं. फ्रीजमधून काढल्या काढल्या वापरू नये, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. शिबिर सुरू करण्यापूर्वी माहितीतला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून बघायचाच असतो. घाईत हेच राहतं, आणि मग दिवसभराच्या नळ्यांचा भरवसा उरत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, तिथे ही तपासणी चालत नाही. अंगात रक्त फार कमी असेल तरी नळी स्वच्छ दिसू शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर साधारण तीन महिने थांबावं, कारण नळीत रक्तदात्याचंही रक्त येतं.

आणि मुख्य गोष्ट: गढूळ नळी वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) आणि रुग्ण (दोघांकडून आलेला) यांत फरक करत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी. शिरेतून २ मिली रक्त, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत. नळी आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची, जोरात हलवायची नाही. गाठ झाली की नमुना बाद. नमुना थंड ठेवायचा, पण गोठवायचा नाही.

रिपोर्टमध्ये ए.एस. असेल तर व्यक्ती वाहक. तिथे एस हिमोग्लोबिन साधारण ३० ते ४० टक्के असतं, बाकी बहुतेक ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन. एस.एस. म्हणजे रुग्ण, ज्याच्यात ए जवळपास नसतंच. वाहक पुढे वयानुसार रुग्ण होत नाही. वाहकाचं हिमोग्लोबिन कमी आलं तर सगळं खापर सिकलसेलवर फोडू नका. बहुतेकदा लोहाची कमतरता असते. आणखी एक खाचखळगा: एस असलेल्या रक्तात एचपीएलसीवर ए-टू (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) थोडं वाढलेलं दिसू शकतं. तेवढ्यावरून थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, शिक्का मारू नये.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळचा धोका कमी होत नाही. म्हणूनच तपासणी लग्नाआधी झालेली बरी. राहिलीच, तर गरोदर बाई पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशीच नवऱ्याचं रक्त घ्यावं. वारेचा तुकडा घेऊन गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत होते, गर्भजलाची १५ आठवड्यांनंतर. दोन्हींसाठी नोंदणीकृत केंद्र, लेखी संमती आणि आधी आईवडिलांचे जनुकीय रिपोर्ट लागतात. लिंग सांगणं मात्र गुन्हा आहे, ते विचारूही नये.

या भागात हे वेळापत्रक बिघडण्याचं कारण हंगाम. पेठ-सुरगाण्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. रिपोर्ट उपकेंद्रात येऊन पडतो आणि माणूस बागेत. त्यामुळे नमुना घेताना गावच्या पत्त्याबरोबर कामाच्या ठिकाणचा पत्ता, मुकादमाचा नंबर आणि आशाताईचा नंबरही फॉर्मवर लिहून ठेवावा.