जळालेल्या विहिरींचा हिशेब

मघाशी एकांनी विचारलं, "युद्धात कसली आलीय भरपाई? जिंकणारा म्हणेल ती." अर्धं खरं आहे. पण 1907 च्या हेग करारातलं तिसरं कलम काढून पाहा. लढणाऱ्या देशानं युद्धाचे नियम मोडले तर भरपाई त्यानंच द्यायची, आणि त्याच्या सैन्यातल्या माणसांनी केलेलं सगळं त्याच्याच खात्यावर. तत्त्व जुनं आहे. घोडं अडतं ते पुराव्यापाशी आणि वसुलीपाशी.

कुवेत पाहू. तिथलं आक्रमण फसल्यावर 1991 मध्ये माघार घेताना इराकी सैन्यानं सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या. शेवटची विझायला नोव्हेंबर उजाडला. काजळी आणि तेलाचे थेंब वाळू-खडीवर बसून डांबरी रस्त्यासारखा कडक थर तयार झाला. ज्या विहिरी नुसत्या फुटल्या, त्यांच्याभोवती तेलाची तळी साचली. आता या वाळवंटाची किंमत काय लावायची? तिथे ना पीक, ना भाडं.

सुरक्षा परिषदेनं ठराव 687 मध्ये स्पष्ट लिहिलं होतं, की पर्यावरणाची हानी आणि नैसर्गिक संपत्तीचा ऱ्हास यांचीही जबाबदारी इराकची. जिनिव्हात भरपाई आयोग बसला. सुमारे 27 लाख दावे आले, मागणी 352 अब्ज डॉलरची, मंजूर झाले 52.4 अब्ज. त्यातले पर्यावरणाच्या वाट्याला जेमतेम दहा टक्के. तरी आयोगानं एक मोठी गोष्ट केली: ज्याला बाजारभाव नाही, त्याचं नुकसानही नुकसानच, हे मान्य केलं. जॉर्डनचा दावा मला फार आवडतो. निर्वासित आपली गुरं-मेंढ्या घेऊन तिथे आले आणि कुरणं चरून उजाड झाली. एकही इराकी रणगाडा जॉर्डनमध्ये शिरला नव्हता, शिरल्या त्या भुकेल्या मेंढ्या. त्याबद्दल सुमारे 16 कोटी डॉलर मिळाले.

पैसे आले कुठून? निर्बंधांखाली इराकला जे तेल विकू दिलं, त्याच्या उत्पन्नातले आधी 30 टक्के परस्पर कापून. हे प्रमाण पुढे खाली आलं, पण शेवटचा हप्ता गेला जानेवारी 2022 मध्ये. निर्णय सद्दामचा, आणि हप्ते भरत बसले ते आक्रमणाच्या वेळी जन्मलेही नव्हते असे लोक. कायद्याच्या दृष्टीनं राज्य एकच राहतं, हे मला पाठ आहे. तरी टोचतं.

कुवेतला आयोग मिळाला आणि हरलेल्याचा गल्लाही. काँगोला यातलं काहीच नव्हतं. युगांडाचं सैन्य काँगोत घुसलं होतं, त्याबद्दल त्यांनी युगांडाकडे 11 अब्ज डॉलरहून अधिक मागितले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 2022 मध्ये दिले 32.5 कोटी. त्यात सोनं, हिरे, कोल्टन नावाचं खनिज, लाकूड अशा लुटलेल्या संपत्तीचे 6 कोटी. जंगलतोडीचा वेगळा दावा पुराव्याअभावी फेटाळला. देशाची अर्थव्यवस्था खचली, हाही फेटाळला. युगांडाच्या कृत्याशी त्याचा थेट संबंध दाखवता आला नाही. इथिओपियानं त्यांच्यातल्या युद्धाबद्दल इरिट्रियाविरुद्ध आपल्या टिग्रे प्रांतातल्या डिंकाच्या झाडांचा आणि शेताच्या बांधांचा दावा लावला, तोही पुराव्यावरच पडला. लढाई चालू असताना झाडं मोजायला कोण बसणार, हा प्रश्न न्यायाधीशांनाही पडला असेलच. पण निकाल कागदावरच द्यायचा असतो.

कुवेतच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती: पाहणीचा खर्चही आयोगानं मंजूर केला. तेल किती खोल मुरलं, काजळी कुठवर गेली, हे मोजायला आधी पैसे दिले, म्हणून नंतर दावा उभा राहिला. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली शहाणपणाची गोष्ट तीच.

रशियाच्या आक्रमणानंतर युक्रेनसाठी मे 2023 मध्ये युरोप परिषदेनं नुकसानाची नोंदवही हेगमध्ये उघडली. पुढच्याच महिन्यात, 6 जूनला, युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं आणि जलाशय रिकामा झाला. नोंदीचं काम या वेळी लवकर सुरू झालं. पण सुरक्षा परिषदेत रशियाला नकाराधिकार आहे, तेव्हा 687 सारखा ठराव तिथून येणं शक्य नाही. आणि गोठवलेल्या रशियन मालमत्तेतून भरपाई काढता येते का, यावर वकिलांचं एकमत नाही.