गल्लीची मंडळी

जय ख्रिस्त! विषय दिलाय मंडळीची, म्हणजे चर्चची, वाढ आणि नव्या मंडळ्यांची स्थापना. हा विषय निघाला की आपले तरुण पाळक थेट अमेरिकेचं उदाहरण देतात. प्रोजेक्टर, ड्रमसेट, दारात कॉफी. मला त्याआधी दमोहला जायचंय, मध्य प्रदेशातल्या. डोनाल्ड मॅकगाव्हरन १८९७ मध्ये तिथे जन्मले. आज 'चर्च ग्रोथ' म्हणून जे जगभर शिकवतात, त्याचं मूळ या मिशनरी गृहस्थांच्या हिंदुस्थानातल्या कामात आहे.

त्यांना एक प्रश्न छळायचा. शाळा आहे, दवाखाना आहे, मिशनचा बंगला आहे, तरी मंडळी का वाढत नाही? त्यांच्या लक्षात आलं, की एकट्यादुकट्याला त्याच्या गोतावळ्यातून उपटून आणलं तर तो मिशनच्या आवारातच अडकतो, त्याच्यामागून कोणी येत नाही. नात्यागोत्याची माणसं मिळून आली तर वाढ होते. इथवर मला पटतं. पण पुढे त्यांनी सूत्र मांडलं, की वंश, भाषा, वर्ग यांच्या भिंती न ओलांडता ख्रिस्ती व्हायला माणसांना आवडतं. १९६५ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या फुलर सेमिनरीत गेले आणि तिथून हे सूत्र सगळीकडे पोचलं. १९७७ मध्ये पॅसाडिनाला त्यावर खास चर्चा भरवावी लागली. आपल्याला एवढ्या लांब जायला नको. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात नगरकडच्या खेड्यांत महार आणि मांग समाजातून पुष्कळ माणसं आली. भिंती गेल्या का? सोयरीक जुळवताना विचारून बघा.

आता कोरियातलं सोल शहर. १९५८ मध्ये चो योंग-गी यांनी चोई जा-शिल या बाईंबरोबर चार-पाच माणसांत मंडळी सुरू केली, लवकरच ती तंबूत भरू लागली. या बाई पुढे त्यांच्या सासूबाई झाल्या. १९६४ मध्ये कामाच्या ओझ्यानं चो कोसळले. घरोघरच्या प्रार्थनागटांची जबाबदारी घ्या म्हटल्यावर पुरुष मागे सरले. घेतली ती बायकांनी, आणि त्या काळच्या कोरियात! गट भरला की त्याचे दोन करायचे. वाटणी वस्तीप्रमाणे, घराण्याप्रमाणे नव्हे. जगातली सगळ्यांत मोठी मंडळी म्हणून तिचं नाव झालं. त्याच चो यांना २०१४ मध्ये मंडळीच्या पैशांवरून शिक्षा झाली, हेही सांगितलं पाहिजे. गट मोजणारे पुष्कळ होते, हिशेब विचारणारे कमी पडले असावेत.

तरी वस्तीप्रमाणे वाटणी मी उचलली. आमच्या गल्लीत बुधवारी प्रार्थना असते. दहा बाय बाराची खोली, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत गॅसवर चहा. शेजारच्या मावशी गुरुवारचा उपवास धरतात, पण बुधवारी 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की आमच्यापेक्षा मोठ्यानं गातात. वर्षाचा अहवाल लिहिताना सचिवांनी विचारलं, "पाळकसाहेब, या मावशींना कोणत्या रकान्यात धरू?"

मला कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. सचिवांना म्हटलं, रकाना राहू द्या कोरा. सतरंजी मात्र मोठी घ्या, गेल्या बुधवारी मावशी उंबऱ्यावर बसल्या होत्या.