दुरेघी

(दृश्य: दादर. 6 डिसेंबरची पहाट. चैत्यभूमीकडे सरकणारी रांग.)

ही रांग काल रात्रीपासून लागलेली आहे. कुणी विदर्भातून रेल्वेनं आलंय, कुणी मराठवाड्यातून गावच्या गाव मिळून गाडी करून. 1956 च्या डिसेंबरात याच चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला. तेव्हापासून दरवर्षी माणसं इथं येतात.

आता हातांकडे बघा. फुलं आहेत, मेणबत्त्या आहेत आणि मध्येच एक वही आहे. वहीत खोचलेलं पेन. पुढं आणखी एक वही. गेली काही वर्षं कार्यकर्ते सांगत आलेत की अभिवादनाला येताना हार-फुलांऐवजी एक वही आणि एक पेन आणा. लोकांनी ते मनावर घेतलं.

या आजी पिशवीतलं भाकरीचं फडकं बाजूला सारतात, खालून वही काढतात आणि दोन्ही हातांनी पुढं करतात. वही कोणत्या शाळेत जाणार, हे त्यांनी विचारलेलं नाही.

हा माहितीपट करणाऱ्या आम्ही मात्र विचारायचं ठरवलं.

(दृश्य: सभागृह. जमिनीवर वह्यांचे ढीग. कार्यकर्ते मांडी घालून बसलेले.)

जमलेल्या वह्या निवडायला किती वेळ लागतो, याची कल्पना इथं बसल्याशिवाय येत नाही. आधी वही उघडून आतल्या रेघा बघायच्या. एकरेघी वेगळी, दुरेघी वेगळी. इंग्रजीची चाररेघी वेगळी, गणिताची चौकटी वेगळी. मग पानं बघायची, शंभर की दोनशे. पेनं एका खोक्यात टाकायची, आणि टाकण्याआधी प्रत्येक पेन कागदावर ओढून बघायचं. हा मुलगा गेला अर्धा तास फक्त तेच करतोय. त्याच्यापुढचा कागद बघा, निळ्या गिरगोट्यांनी भरून गेलाय.

सगळ्यांत उंच ढीग एकरेघी लाँगबुकांचा. ते साहजिक आहे. दुकानात 'वही द्या' म्हटलं की तीच हातात पडते. आठवी-नववीच्या मुलांना ती सोन्यासारखी. पण पहिलीतल्या मुलाचा हात अजून वळायचा असतो. त्याला दुरेघी लागते. दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसतं, वरच्या मोकळ्या जागेत वेलांटी आणि मात्रा, खालच्या जागेत उकार. एकरेघीवर हेच मूल लिहायला लागलं की अक्षर सुपारीएवढं होतं, नाहीतर मुंगीएवढं. आणि चौकटी वही असली की एका घरात एक अंक, एककाखाली एकक, दशकाखाली दशक. बेरीज निम्मी तिथंच सुटते.

दुरेघीचा ढीग हा, कोपऱ्यातला. गुडघ्याच्याही खाली.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर एका पानाचा फोटो. निळ्या शाईतलं वळणदार अक्षर.)

वह्या निवडणाऱ्या या गटानं एक चांगली गोष्ट केली होती. वह्या जमण्याआधीच, नोव्हेंबरात, त्यांनी पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेच्या बाईंना निरोप पाठवला: तुम्हाला काय हवंय ते लिहून कळवा. शाळांना साहित्य वाटणारे पुष्कळ आहेत. असं विचारणारे मात्र थोडे, आणि हा सगळा माहितीपट आम्ही केला तो या एका प्रश्नासाठी.

बाईंनी वहीच्या पानावर यादी लिहून फोटो पाठवला. दुरेघी वह्या, शंभर पानी. चौकटी वह्या. जाड कार्डशीट. स्केचपेन. रंगीत खडू, त्यात पिवळा जास्त. लाल आणि पांढरे मणी, ओवायला नायलॉनची दोरी. फेविकॉलचा मोठा डबा. पेन्सिली, खोडरबर, आणि शार्पनर मोजून दुप्पट, कारण ते हरवतात. शेवटच्या ओळीखाली रेघ मारून एक वाक्य: 'दप्तरं नकोत, आहेत.'

कमी पडणारी दुरेघी कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून घाऊक बाजारातून आणली. जास्तीची लाँगबुकं माध्यमिक शाळांच्या गठ्ठ्यांत गेली.

(दृश्य: टेम्पो. मनोर, विक्रमगड, जव्हार. घाट. कापून झालेली भातशेतं.)

पालघर जिल्हा 2014 साली ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या पूर्व टोकाला मोखाडा तालुका. पावसाळ्यात इथं डोंगर दिसेनासा होतो इतकं कोसळतं आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी वाटी लावून पाणी भरावं लागतं. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशी वस्ती, पाड्यापाड्यांत विखुरलेली. टेम्पो जिथं थांबतो तिथून शाळा अजून वर आहे. खोकी डोक्यावर घेऊन ही मंडळी चालली आहेत. पुढचं खोकं ज्यांच्या डोक्यावर आहे ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष.

(दृश्य: दोन खोल्यांची जिल्हा परिषद शाळा. परिपाठ.)

पहिली ते चौथी. पट तिसाच्या आत. दोन शिक्षक. त्यातले सर आज केंद्रावर बैठकीला गेलेत, म्हणून चारही वर्ग बाईंकडे. बाई याच तालुक्यातल्या, लग्न होऊन शेजारच्या गावात आलेल्या. मुलं घरी वारली बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत बोलतं, आणि या दोघांमधला साकव म्हणजे बाई.

(दृश्य: कपाट उघडतं. कॅमेरा जवळ.)

स्वतःच्या पगारातून शाळेसाठी किती खर्च होतो, असं आम्ही बाईंना विचारलं. त्यांनी हिशेब सांगितला नाही. हे कपाट उघडलं.

वरच्या कप्प्यात लग्नपत्रिका. पाड्यावरच्या, नात्यातल्या, तालुक्याच्या छापखान्यात उरलेल्या. पत्रिकेची पाठ कोरी आणि जाड असते, तिचीच शब्दकार्डं केलीत. उजळणीच्या तक्त्यात 'अ' अननसाचा असतो. पाड्यावर अननस पिकत नाही. म्हणून बाईंच्या कार्डावर 'म' मोहाचा, 'व' वरईचा, 'ख' खेकड्याचा आणि 'त' तारप्याचा. तारपा म्हणजे इथलं फुंकून वाजवायचं वाद्य, तो चौथीतल्या एका मुलानं काढलाय. फुंकणाऱ्याचे गाल फुगलेत ते बघा.

मधल्या कप्प्यात चिंचोके, बिया, आगकाड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. गठ्ठा म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. तळाशी पत्र्याची पेटी. 1987 मध्ये देशभर खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य मिळावं, असा तिचा हेतू. नकाशे, तक्ते, खेळणी, गणित-विज्ञानाच्या पेट्या त्या काळात शाळांत आल्या. या पेटीतलं बरंचसं झिजून संपलं. तराजूची एक दांडी राहिली आहे आणि ती अजून वापरात आहे.

सरकारी पैसा येतो. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. उरलेल्यात वीजबिल, दाराची कडी, गळकं छप्पर, खडू. पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. 2023-24 पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली होती. 2025 मध्ये तो निर्णय मागं घेतला गेला. म्हणजे वहीचा प्रश्न पुन्हा घरावर आला, आणि या पाड्यावर घरावर येणं म्हणजे बहुतेकदा बाईंवर येणं.

(दृश्य: खोकी उघडतात. मुलं गोल करून बसलेली.)

इथं निवेदनाची गरज नाही.

(अर्धा मिनिट मोकळं. वर्गाचा आवाज.)

(दृश्य: मणी ओवणारी बोटं.)

गणितमाळ तयार होतेय. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर. दुसरीतली मुलगी ओवते, पहिलीतला मुलगा मोजतो. चुकला, म्हणून सोळाव्या मण्यावरून माघारी आला. बाई मध्ये पडत नाहीत. माळ भिंतीवर खिळ्याला बांधली की चौतीस कुठं ते दाखवायला तीन पट्टे सोडून चौथा मणी धरायचा. तो मुलगा धरतो. लगेच सदुसष्ट विचारतात. तोही धरतो. तिकडे चौथीवाले नव्या कार्डशीटवर पाड्याचा नकाशा काढताहेत आणि विहीर शाळेच्या डावीकडे की उजवीकडे यावर त्यांचं जुंपलंय.

पावसाळ्यात इथं खडू ओलावतो, फळ्यावर उमटत नाही. बाई तो चुलीजवळ डब्यात ठेवून सुकवायच्या. रंगीत खडूंची ही खोकी त्यांनी आत्ताच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली, जूनसाठी.

पहिलीतली मुलं आता मात्रेचे शब्द न अडखळता लिहितात, असं बाई सांगतात.

(दृश्य: दुपार. ओसरीवर बाई एकट्या. मांडीवर दुरेघी वह्यांचा गठ्ठा, हातात पेन.)

दिवाळीनंतर इथली बरीच घरं कुलूप लावून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आजी-आजोबा असतील तर मूल मागं राहतं. नसतील तर मूलही जातं. हजेरीत त्या नावांपुढं बाई पेन्सिलीनं बारीकशी खूण करतात, शाईनं नाही.

वाटप झालं. आठ वह्या उरल्या आहेत. कार्यकर्त्यांना वाटलं, जास्तीच्या आल्या, परत न्याव्यात. बाईंनी त्या मागून घेतल्या.

आता त्या पहिल्या पानावर नाव लिहिताहेत. नाव, इयत्ता, शाळा, तालुका. एक वही झाली की शाई वाळेपर्यंत फुंकर घालतात आणि बाजूला ठेवतात. मग दुसरी.

(दृश्य: कपाट. लग्नपत्रिकांच्या शेजारी आठ वह्या. दार लागतं.)