सुटले की सुटली?

(महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

पत्रिकेत माझा विषय 'साहित्यसिद्धान्त आणि इंग्रजी लघुकथा' असा छापला आहे. त्यातल्या सिद्धान्ताला, म्हणजे स्त्रीवाद, मार्क्सवाद अशा चष्म्यातून कथा वाचायच्या पद्धतीला, मी थोडा वेळ मागच्या बाकावर बसवणार आहे. वर्गात तो नेहमी पुढे बसतो आणि कथेला बोलूच देत नाही.

कथा मी एकच घेतली आहे. अमेरिकन लेखिका केट शोपॅनची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर'. आपल्याकडे सगळे 'चोपिन' म्हणतात, मीही कित्येक वर्षं म्हणत होते. ६ डिसेंबर १८९४ रोजी अमेरिकेतल्या 'व्होग' साप्ताहिकात ती पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा तिच्या नावात 'स्टोरी'ऐवजी 'ड्रीम' होतं. हजारएक शब्द, झेरॉक्सची दोन पानं. चहा निवायच्या आत वाचून होते.

मिसेस मॅलर्डना हृदयाचा त्रास आहे. रेल्वेच्या अपघातात नवरा गेल्याची बातमी त्यांना बेताबेताने सांगायची आहे. बहीण जोसेफीन तुटक वाक्यांत, आडून आडून सांगते. नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स जवळ उभा आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत मृतांच्या यादीत सर्वांत वर ब्रेंटली मॅलर्ड हे नाव त्यानेच पाहिलं, दुसरी तार मागवून खात्री केली आणि तो धावत आला. बाई तिथल्या तिथे धाय मोकलून रडते. मग एकटी वर खोलीत जाते. खिडकी उघडी आहे. बाहेर वसंत, पावसाचा वास, चिमण्या, रस्त्यावर एक फेरीवाला ओरडतोय. आणि तिच्या तोंडून शब्द निसटतो : फ्री, फ्री, फ्री. थोड्या वेळाने ती बहिणीच्या कमरेला हात घालून जिना उतरते. तेवढ्यात कुणीतरी किल्ली लावून बाहेरचं दार उघडतं. ब्रेंटली. हातात बॅग आणि छत्री. अपघात झाला तिथून तो लांब होता, अपघात झाला हेसुद्धा त्याला माहीत नाही. जोसेफीन किंचाळते, रिचर्ड्स त्याला आड करायला झेपावतो, पण उशीर झालेला असतो. डॉक्टर येतात आणि सांगतात : हृदयविकाराने गेली, जीव घेणाऱ्या आनंदाने.

एवढीच कथा.

आता उत्तरपत्रिका. 'कथेचे स्त्रीवादी दृष्टिकोनातून परीक्षण करा', बारा गुण. उत्तराच्या पहिल्या पानावर स्त्रीवादाचा इतिहास, दुसऱ्यावर कथेचा सारांश, शेवटी वाक्य : 'अशा प्रकारे ही कथा स्त्रीवादी आहे.' मार्क्सवाद विचारला तरी उत्तर हेच, फक्त पहिलं पान बदलतं. एका उत्तरपत्रिकेत नवऱ्याच्या मित्राने, म्हणजे या रिचर्ड्सने, 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ लिहिला होता. १९२९ साली केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी लिहिलेल्या ग्रंथाची ही वाट लागलेली पाहून मी आधी हसले. मग वाटलं, त्या ग्रंथाचा विषयच मुळी हा होता. रिचर्ड्सनी कवींची नावं काढून टाकून कविता विद्यार्थ्यांना वाचायला दिल्या, आणि चांगली शिकलेली मुलं समोरचा मजकूर किती कमी वाचतात ते लिहून ठेवलं. आपण फार वेगळं काही करत नाही.

म्हणून मी वर्गात एक नियम केला आहे. कोणताही सिद्धान्त आणा, पण तो कथेतल्या कोणत्या वाक्याकडे बोट दाखवतो ते सांगा. बोट दाखवता आलं नाही तर तो घरी ठेवून या.

उदाहरणार्थ, नावं. बाई कथेत आली तीच मुळी मिसेस मॅलर्ड म्हणून. नंतर नुसतं 'शी', ती. तिचं स्वतःचं नाव, लुईस, आपल्याला कळतं ते खूप उशिरा, 'फ्री' म्हणून झाल्यावर. तेही लेखिका सांगत नाही, बंद दाराच्या किल्लीच्या भोकाला तोंड लावून बहीण हाक मारते तेव्हा कळतं. हे सापडलं त्या दिवशी वर्गातल्या मुली आपणहून तांदळाच्या ताटावर आल्या. लग्नात अंगठीने तांदळात लिहिलेलं नवं नाव. एकीने सांगितलं, आजीचं माहेरचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते बँकेच्या कागदावर सापडलं. स्त्रीवादी समीक्षा इथून सुरू होते, नुसती नायिका स्त्री आहे म्हणून नव्हे.

आणि तीच समीक्षा जरा पुढे नेली की गाइडमधलं उत्तर अडखळतं. गाइडात नवरा जुलमी असतो. कथेत तो तसा नाही. त्याने तिच्याकडे प्रेमाशिवाय दुसऱ्या नजरेने कधी पाहिलेलंच नाही, असं ती स्वतः आठवते. त्याचे प्रेमळ हात निष्प्राण झालेले दिसतील तेव्हा आपण पुन्हा रडू, हेही तिला माहीत आहे. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, 'कधी कधी'. पुष्कळदा नव्हतंही. आणि दुसऱ्यावर आपली इच्छा लादायचा आपल्याला हक्क आहे असं कोण समजतं, हे सांगताना लेखिका 'पुरुष आणि स्त्रिया' असं लिहिते. दोघंही. हे वाक्य उत्तरातून गळतं, कारण ते अडचणीचं आहे. कथेचा कणा, माझ्या मते, तेच वाक्य आहे. माणूस वाईट नाही आणि तरी श्वास कोंडतो, हे म्हणायला दुष्ट नवरा रंगवण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं.

मार्क्सवादी वाचन या कथेत फार खोल जात नाही, ओढून ताणून नेऊही नये. पण खुर्ची ऐसपैस आहे, खोली स्वतःची आहे, दार आतून लावता येतं, हे पाहायला हरकत नाही. घरी भाजीची हातगाडी असलेला एक मुलगा म्हणाला होता, "मॅडम, तिला फेरीवाल्याची हाक गोड वाटते. त्याला काय वाटत असेल?" त्याला मी पूर्ण गुण दिले.

लेखिकेच्या चरित्राचा मोह मात्र मोठा. केट शोपॅन पाच वर्षांची असताना तिचे वडील रेल्वेच्या अपघातात गेले. १८५५ साली मिसूरीमध्ये नव्या मार्गावरच्या उद्घाटनाच्या गाडीखाली पूल कोसळला होता. नवरा १८८२ मध्ये हिवतापाने गेला. पदरी सहा मुलं. लिहायला तिने त्यानंतर सुरुवात केली. हे मी तिसऱ्या तासाच्या शेवटी सांगते, आधी नाही. आधी सांगितलं की सगळी पेनं तिथेच चिकटतात, 'म्हणून तिने ही कथा लिहिली'. विमसॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ च्या लेखात बजावलं होतं की लेखकाचा हेतू हे साहित्यकृती मोजायचं माप नव्हे. त्यांचं सगळं मला पटत नाही. वडिलांची गाडी कळल्यावर कथेतली तार मला वेगळी वाचावीशी वाटते, ते मी नाकारणार नाही. पण क्रम महत्त्वाचा.

आता ज्यासाठी मी आज आले ते सांगते. एकदा वर्गाला 'फ्री, फ्री, फ्री' मराठीत आणायला सांगितलं. फळ्यावर 'मुक्त' आलं, 'स्वतंत्र' आलं, ते खोडलं गेलं. 'मोकळी' बराच वेळ टिकलं. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "सुटले." वर्ग हसला. मग हसणं थांबलं, कारण ते बरोबर होतं. खोलीत एकटी बसलेली बाई आणखी काय म्हणेल? सुटले गं बाई.

मी विचारलं, आपल्याकडे हा शब्द आणखी कधी वापरतात? उत्तर सगळ्यांनाच येत होतं. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली म्हातारी गेली की दारात जमलेल्या बायका म्हणतात, "सुटली बिचारी."

आता कथा पुन्हा वाचा. वर खोलीत ती म्हणते, सुटले. खाली जिन्यापाशी ती पडते आणि जमलेले लोक म्हणतील, सुटली. क्रियापद एकच. एका मात्रेचा आणि एका वेलांटीचा फरक. मात्रा असते तेव्हा बाई स्वतः बोलते, वेलांटी लागली की तिच्याबद्दल दुसरेच बोलतात. शब्द आपल्या अर्थावर स्थिर राहत नाही, जगणं आणि मरणं अशी मांडलेली जोडी शब्दाच्या आतच ढासळते, हे फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा वाचून समजायला माझी दोन वर्षं गेली होती. त्या मुलीला ते मराठी येत असल्यामुळे समजलं.

आणि दुसरी गोष्ट तिथेच सापडते. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेट यांनी १९७२ मध्ये एक साधा भेद केला : कथेत पाहतं कोण आणि बोलतं कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खोलीत असताना आपण तिच्या नजरेने आभाळ पाहतो. कालपर्यंत आयुष्य लांबलचक असेल या विचाराने तिला शहारा येत होता, आज ती आयुष्य लांब असावं म्हणून प्रार्थना करते, हे आपल्याला आतून कळतं. दाराबाहेर जोसेफीन विनवते आहे, आजारी पडशील, आणि आत ती उघड्या खिडकीतून जगण्याचं अमृत पिते आहे. पण बाहेरचं दार उघडलं की कथा तिच्यातून बाहेर पडते. तिला नवरा दिसला, असं वाक्य कथेत नाही. ती कोसळली, असं वाक्य नाही. किंकाळी आहे, झेप आहे आणि डॉक्टरांचं निदान आहे. सुटले संपलं, सुटली सुरू झालं.

विधवेने 'सुटले' म्हणावं, यावर नेहमी कुणीतरी मुद्दा काढतं की त्याच काळात इथे हे शक्य होतं का. १८९४ च्या आधी बारा वर्षं ताराबाई शिंद्यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा स्त्रियांची बाजू मांडणारा निबंध छापला गेला होता. पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेतच, फिलाडेल्फियात, प्रसिद्ध केलं. त्यातली विधवा नवरा गेल्यावर सुटत नाही, तिथून अडकते. शोपॅनच्या बाईला ती खिडकी आणि ती खुर्ची उरते, इथल्या बाईला वेगळी खोली मिळाली ती बहुधा माजघराच्या मागची. तुलना एवढ्यावरच थांबवा. यांच्यापेक्षा त्यांचं बरं, अशी शर्यत लावली की दोन्ही बायका हरतात.

सिद्धान्तांवर माझा राग नाही. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी कादंबरीकार बाल्झाकची एकच कथा घेऊन दोन वर्षं सेमिनार चालवला, तिचे ५६१ तुकडे केले आणि १९७० मध्ये 'एस/झेड' हे कथेपेक्षा कितीतरी जाड पुस्तक काढलं. माझ्या लेखी तो सिद्धान्त कमी, हळू वाचण्याचा हट्ट जास्त. याउलट अमेरिकन कथाकार पो यांच्या चोरीला गेलेल्या पत्राच्या कथेवर फ्रेंच मनोविश्लेषक लाकां बोलले, लाकांवर देरिदा बोलले, त्या दोघांवर अमेरिकन समीक्षक बार्बरा जॉन्सन बोलल्या. सगळेच हुशार, पण आपल्या मुलांना त्या भांडणातले मुद्दे पाठ असतात आणि पत्र शेवटी कुठे सापडलं ते आठवत नाही. समोरच्याच कागदांच्या अडकवणीत होतं ते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मागच्या वर्षी या कथेवर शेवटचा तास झाला आणि एका मुलाने विचारलं, "मॅडम, ब्रेंटलीला पुढे कुणी सांगितलं असेल का?" मी म्हटलं, काय सांगायचं? "ती का मेली ते." मी पुस्तक मिटत होते, पुन्हा उघडलं. जोसेफीनला माहीत नाही, ती दाराबाहेर होती. रिचर्ड्स खाली होता. डॉक्टर नंतर आले. दार बंद होतं आणि ती शब्द पुटपुटत होती, तोही तोंडातल्या तोंडात. त्या घरात तो तास कुणालाच माहीत नाही. ब्रेंटली जन्मभर हेच समजून राहणार की बायको आपल्याला जिवंत पाहून आनंदाने गेली.

बाकावरच्या साठ जणांना फक्त माहीत होतं. घंटा झाली होती, तरी कुणी उठलं नाही.